शेवटची ओव्हर काशिनाथची

बिरवाडीत माझं मेडिकलचं दुकान आहे. औषधांची तारीख उलटली की कंपनी माल परत घेते, पण किश्श्यांची तशी काही सोय नाही. ते साचतच जातात. कोणी खांद्याला चोळायचा स्प्रे मागायला येतो, काउंटरवर कोपर टेकवतो आणि सुरू होतो, "काशीचं ते ऐकलंस का?" मी म्हणतो, ऐकलं काय, मी तिथंच होतो. तरी तो सांगतोच, आणि मला ठाऊक असलेल्या किश्श्यात दोन सिक्स नि एक भांडण वाढवून सांगतो. म्हणून म्हटलं, खरे खरे तेवढे एकदा आपणच सांगून टाकावेत. मी पंधरा वर्षं काशिनाथच्या बोलिंगला विकेटकीपर होतो. माझ्याइतक्या जवळून त्याला फक्त आउट होणाऱ्यांनी पाहिलं आहे, आणि ते काही सांगणार नाहीत.

ज्यांना आमच्याकडचं क्रिकेट ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. टेनिस बॉल, पाच ओव्हरची मॅच, एका बोलरला एकच ओव्हर. काशिनाथ कायम पाचवी टाकायचा. म्हणजे अख्ख्या दिवसात त्याचं काम सहा बॉलचं, पण बाकीच्या चोवीस बॉलांत आम्ही जो काही घोळ घालून ठेवायचो तो निस्तरायचं काम त्याच्याकडे.

* * *

तो आम्हाला सापडला तो आमच्या बोलरमुळे. दिनेश नावाचा आमचा बोलर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत होता. तिथला नियम असा, की शिफ्ट संपली तरी रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. रिलीव्हर म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस. त्या रविवारी दिनेशचा रिलीव्हर आलाच नाही. चार ओव्हर संपत आल्या नि दिनेशचा फोन आला, "मी अडकलो. तुमचं तुम्ही बघा."

आमचे कॅप्टन रियाजभाई. महाडचे, घरचे ट्रक आहेत, आवाजही ट्रकच्या हॉर्नसारखा. त्यांनी बाउंड्रीवर नजर फिरवली. जांभळीखाली एक काटकुळा माणूस कंपनीचा निळा युनिफॉर्म आणि सेफ्टी शूज घालून बसला होता.

"ए, बॉल टाकता येतो काय?"

"दगुड टाकाया येतो," तो म्हणाला. "नाचणीत वानरं शिरली की."

"चालेल. पण हात वाकवू नकोस."

बारा रन वाचवायचे होते. त्याने सेफ्टी शूजमध्ये, त्या लोखंडी टोकाच्या बुटांत, खडखडत पळत येऊन सहा बॉल टाकले आणि पाच रन दिले. मी मागे उभा राहून बघत होतो. सहाही बॉल स्टंपच्या उंचीने, स्टंपच्या रेषेत आले. मला ग्लोव्हज हलवावे लागले नाहीत. आम्ही जिंकलो, नाचलो, त्याला उचलायला गेलो तर तो जांभळीखालची पिशवी घेऊन निघालेला.

"अरे, नाव तरी सांग."

"काशिनाथ. कुडपणचा. जातो, रूमवर पाणी येयाचा टायम झाला."

दुसऱ्या दिवसापासून अख्खी बिरवाडी त्याला रिलीव्हर म्हणायला लागली.

* * *

टीममध्ये नाव घालायला रियाजभाई त्याच्या रूमवर गेले, तेव्हा मीही बरोबर होतो. बूट देतो, टी-शर्ट देतो, जायची-यायची गाडी आमची, असं सगळं सांगून झालं. काशीने शांतपणे ऐकून घेतलं.

"माजी एकच अट हाय," तो म्हणाला. "कुडपणची टीम उतरली की मी तिकडं जाणार. मग तुमी कुणी आडवायचं नाय."

आम्ही दोघंही हसलो. हसणार नाही तर काय? कुडपण पोलादपूरच्या वर, डोंगराच्या माथ्यावर. एरवी गावात म्हातारी माणसं, गुरं आणि नाचणी. खेळण्याच्या वयाचे सगळे मुंबईत. अकरा जण एका जागी दिसायचे ते गणपतीत, नाहीतर शिमग्याला.

"मंजूर," रियाजभाई म्हणाले. "कुडपणची टीम झाली तर मी स्वतः माझ्या गाडीतून तुला नेऊन सोडतो."

काशी हसला नाही. त्याने मला त्या अटीला साक्षीदार केलं. त्या दिवशी मला ती गंमत वाटली होती. पुढे पंधरा वर्षं दर मे महिन्यात तो मुंबईला फोन लावून चुलत-मावस भावांची डोकी मोजायचा, तेव्हा कळलं की या माणसाला आयुष्यात एवढं एकच पाहिजे. एकदा, एकच मॅच, कुडपणकडून.

* * *

काशीची बॅट्समनशी बोलायची एक पद्धत होती. आमच्याकडे बोलर शिव्या देतात, डोळे वटारतात. काशी रनअपवर जाण्याआधी बॅट्समनजवळ जायचा आणि मनापासून विचारायचा, "जेवलास काय?"

एकदा महाडच्या स्पर्धेत समोरच्यांनी मुंबईहून एक नामांकित बॅट्समन आणला होता. गळ्यात चेन, हातात दोन-दोन बँड, यूट्यूबवर त्याचे सिक्स बघायला हजारो माणसं. त्याला काशीने विचारलं, "जेवलास काय?"

"क्यूं? तुझे क्या करना है?"

"नाय, उपाशी माणूस लय जोरात मारतो. मग मला आत टाकाया लागंल."

तो विचारात पडला. पहिल्या बॉलला विचारात, दुसऱ्या बॉलला विचारात, तिसऱ्याला त्रिफळा.

पुढच्या वर्षी तोच बॅट्समन परत आला. काशी चार पावलं त्याच्याकडे चालत निघाला, एवढ्यात तो लांबूनच हात वर करून ओरडला, "जेवलोय! मच्छी खाल्लीय, भात खाल्लाय, सगळं झालंय!"

"मग सावकाश खेळ," काशी म्हणाला. "धावू नको."

त्या ओव्हरला त्या बॅट्समनने दोन सिंगल सोडल्या. खरोखर धावला नाही.

* * *

काशीचे वाइड बॉल मी मोजले नाहीत, कारण मोजण्यासारखे नव्हतेच. ही सरळ रेष त्याने कुठून आणली, हे कोडं आम्हाला कुडपणला गेल्यावर सुटलं.

एका दिवाळीनंतर रियाजभाईंनी अख्खी टीम गाडीत घातली. पोलादपूर सोडून घाट चढलो, फाट्याला वळलो आणि मग रस्ता म्हणून जे काही होतं त्याच्यावरून हाडं मोजत वर पोचलो. काशीने त्यांचं ग्राउंड दाखवलं. ग्राउंड म्हणजे नाचणीचं कापणी झालेलं खाचर, एका अंगाला कललेलं. स्टंपच्या जागी तीन काठ्या. काठ्यांच्या मागे कीपरला उभं राहायला जागा, कीपरच्या मागे दहा पावलं, आणि मग दरी. मी वाकून बघितलं तर खाली ढग होता.

"बॉल मागं गेला तर?" मी विचारलं.

"तर गेला. ज्यानं वाइड टाकला त्यानं खाली उतरायचं नि बॉल घेऊन येयाचा. आमच्यात तसा कायदाच हाय."

"किती वेळ लागतो?"

"सकाळी उतरला तर जेवायला वर. मी दोनदा उतरलोय." थोडं थांबून म्हणाला, "तिसऱ्यांदा नाय उतरलो."

रियाजभाईंनी खाचरात उभ्या असलेल्या आमच्या बाकीच्या चार बोलरांकडे बघितलं. परत येताना ते गाडीत सारखे म्हणत होते, "या चौघांना महिनाभर इथं आणून ठेवलं पाहिजे."

* * *

त्याच भेटीत काशीच्या आईने रियाजभाईंना कोपच्यात घेतलं. गावात मोबाइलची रेंज फक्त देवळामागच्या एका कातळावर येते. म्हातारी तिथं बसून नातीच्या मोबाइलवर आमच्या मॅचचं लाइव्ह बघायची. तिने भाकरी वाढली, पिठल्यात तेल ओतलं आणि मग तोफ डागली.

"रियाजभाय, एक इचारू? माजा पोरगा तुमच्यात नुसता उभा असतो. सगळी खेळतात, ह्यो कडंला उभा. सगळ्यांचं खेळून झालं, उन्हं उतरली, की मग शेवटाला थोडं ह्याच्या हातात देता. गरीब हाय म्हणून काय?"

रियाजभाईंचा हॉर्न बंद पडला. त्यांनी तिला ओव्हर म्हणजे काय, रन म्हणजे काय, हे सगळं समजावलं. म्हातारी ऐकत होती, पण चेहऱ्यावर विश्वास दिसत नव्हता. शेवटी रियाजभाई म्हणाले, "आई, तुमच्याकडं लग्नाला पन्नास माणसं येतात. कोणी मांडव घालतं, कोणी पाणी भरतं. पण दागिन्यांच्या डब्यापाशी कोणाला बसवता?"



"भरवशाच्या माणसाला."

"तो हा."

तिने रियाजभाईंच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मग काशीकडे वळून म्हणाली, "मग उनात कशाला उभा ऱ्हातोस रं? सावलीत बसून ऱ्हा की."

* * *

एक वर्ष काशी आम्हाला सोडून गेला होता. पनवेलच्या एका बिल्डरची टीम होती. त्यांनी त्याला साइटवर नोकरी दिली, राहायला खोली दिली, छातीवर नाव छापलेले तीन टी-शर्ट दिले. आम्ही नाराज होतो, पण अडवणार कोण? माणसाचं भलं होत असेल तर होऊ दे. रियाजभाईंनी त्याला स्टँडवर सोडलं आणि एसटी सुटेपर्यंत तिथंच थांबले.

सहा आठवड्यांनी बघतो तर काशी माझ्या दुकानाच्या पायरीवर बसलेला.

"काय झालं? पगार नाही दिला?"

"दिला की. माणसं चांगली हायत."

"मग?"

"पयली ओव्हर टाकाया सांगतात रे." त्याचं तोंड अपमान झाल्यासारखं झालं होतं. "मॅच सुरूच झाली नाय, कोणाला काय पायजे ते म्हाईत नाय, किती लागतात ते म्हाईत नाय. मग बॉल टाकायचा कशासाठी? मला तर झोप येते."

मी रियाजभाईंना फोन लावला. ते पंधरा मिनिटांत पोचले. एरवी महाडहून यायला त्यांना अर्धा तास लागतो.

* * *

असं नाही की तो कधी हरला नाही. माणगावात एका सेमीफायनलला अठरा वाचवायचे होते, म्हणजे काशीसाठी सुट्टीच. पण समोरच्या पोराच्या अंगात त्या दिवशी काय शिरलं होतं कोण जाणे. पहिल्या तीन बॉलला तीन सिक्स, खेळ खल्लास. तिसरा बॉल शेजारच्या शाळेच्या पत्र्यावर पडला, त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

परतताना गाडीत सगळ्यांची तोंडं पडलेली. मला तर रडू येत होतं, कारण ते तिन्ही बॉल मी मागून बघितले होते आणि तिन्ही चांगले होते. काशी मात्र खिडकीशी बसून वडापाव खात होता. एक संपला, दुसरा काढला.

रियाजभाईंना ते बघवेना. "काशी, तुला काही वाटत नाही का रे?"

"वाटतंय की."

"मग घास कसा उतरतो?"

"वाटतंय बी नि भूक बी लागलीय," काशी म्हणाला. "दोन्ही एकदमच आलं, मी काय करू?"

आधी दिनेश हसला, मग सगळी गाडी. पुढच्या स्टॉपला रियाजभाईंनी उतरून सगळ्यांसाठी वडापाव घेतले.

* * *

कंपनीचा किस्सा मात्र आमच्या टीमच्या जखमेवर मीठ चोळणारा आहे. तोपर्यंत काशी कंपनीत कायम झाला होता. बिरवाडीच्याच ग्राउंडवर फायनल, आणि त्याची शिफ्ट तीनला सुटणार होती. साडेतीनला मॅच. हिशोब बरोबर होता.

तीन वाजले, सव्वातीन वाजले, काशी नाही. फोन लावला. "रिलीव्हर आला नाय," म्हणाला. रियाजभाईंनी ओळखीच्या सुपरवायझरला फोन लावला. तो स्वतः क्रिकेटवेडा. त्याने काशीला सांगितलं, "जा तू. तुझ्या जागेवर मी उभा राहतो."

काशी म्हणाला, "साहेब, तुमचा सही करायचा अधिकार हाय, पण त्या व्हॉल्व्हचा आवाज बदलला तर तुमाला कळंल काय?"

साहेब खरा माणूस. "नाही कळणार," म्हणाला. मग काशी जागेवरच राहिला.

इकडे चार ओव्हर झाल्या, आम्हाला दहा वाचवायचे होते, आणि दिनेशला बॉल द्यावा लागला. ग्राउंडवर आरडाओरडा, "काशी कुठं हाय? काशीला द्या रे!" एकजण तर बाउंड्रीच्या दोरीला लटकून घसा फोडत होता, "काशीला आणा! आमी काय दिनेशला बघाया आलोय?" आम्ही चौथ्या बॉलला हरलो.

संध्याकाळी काशी कंपनीतून आला. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दोरीला लटकून वरडत होता तो कसा दिसत होता? टक्कल, पिवळा शर्ट?"

"हो. का?"

"त्योच माजा रिलीव्हर," काशी म्हणाला. "माजी ओव्हर बघून मग ड्युटीवर जाणार होता."

* * *

पुढे काशीचा खांदा दुखायला लागला. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, भिंतीवरच्या दिव्यापुढे धरला आणि सांगितलं की बोलिंग बंद करा. काशीने विचारलं, "किती दिवस?" ते म्हणाले, "दिवस नाही हो, बंद." काशी माझ्या दुकानात आला, डॉक्टरांची चिठ्ठी काउंटरवर ठेवली. एवढंच म्हणाला, "कुडपणची टीम अजून झाली नाय रे." मी गोळ्या दिल्या आणि दोन चहा मागवले.

त्यानंतर तो कमी मॅच खेळायला लागला, पण खेळायचाच. मग बातमी पसरली की काशी दर सोमवारी सकाळी महाडजवळच्या सव गावाला जातो, गरम पाण्याच्या कुंडात तासभर बसतो, आणि त्यामुळेच हात चालतो. झालं! सवचं पाणी तसं अंगदुखीसाठी प्रसिद्ध आहेच. पंधरा दिवसांत महाडचे दोन बोलर, राजेवाडीचा एक, आमचा दिनेश, सगळे कुंडात गळ्याएवढ्या पाण्यात उजवा खांदा बुडवून बसलेले. एक डावखुरा होता, तोही उजवाच बुडवून बसायचा, कारण काशी तसा बसतो म्हणे.

मी एकदा त्याला विचारलं, "खरंच फरक पडतो का रे?"

"खांद्याला? काय नाय."

"मग कशाला जातोस?"

"सासऱ्यांना घेऊन जातो. त्यांचे गुडघे धरलेत. म्हातारा माणूस, पाण्यात एकटा सोडवत नाय, म्हणून मी बी बाजूला बसतो."

"अरे, मग त्या बाकीच्यांना सांगायचं ना!"

"मला कुणी इचारलंच नाय," काशी म्हणाला. "आणि सासऱ्यांना तेवढीच गप्पा माराया माणसं झाली."

* * *

आणि आता शेवटचा. हा मी दुकानात सहसा सांगत नाही.

गेल्या मे महिन्यात पोलादपूरला गाववार स्पर्धा झाली, महाड आणि पोलादपूर दोन्ही तालुक्यांची. आधार कार्ड बघून टीम घेणार, दुसऱ्या गावचा एकही माणूस चालणार नाही. आणि त्या मे महिन्यात, पंधरा वर्षांनी, काशीची डोकी अकरा भरली. त्यात मुंबईत टॅक्सी चालवणारा चुलतभाऊ होता, पोट सुटलेले दोन बँकेतले शिपाई होते आणि अठ्ठावन्न वर्षांचे धोंडूकाका होते, ज्यांना फक्त आकडा पुरा करायला उभं केलं होतं. डॉक्टरांनी काशीला निर्वाणीचं सांगितलं होतं, की यापुढे हात वर गेला तर तो परत खाली नीट येईल याची खात्री नाही. काशीने बायकोला, आईला आणि मला सांगून टाकलं होतं की या स्पर्धेनंतर बॉल हातात धरणार नाही. रियाजभाईंनी शब्द पाळला. ते महाडचे, त्यामुळे त्यांना खेळता येत नव्हतं, पण त्यांनी कुडपणची अख्खी टीम आपल्या गाडीतून घाटाखाली आणली.

चिठ्ठ्या टाकल्या. पहिलीच मॅच निघाली कुडपण विरुद्ध बिरवाडी.

आमचा नवा कीपर लग्नाला गेला होता, म्हणून मला उतरवलं होतं. म्हणजे पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी काशीच्या समोर. मॅचच्या आधी तो माझ्याशी बोललाही नाही. मीही गेलो नाही. त्याची आई कातळ सोडून पहिल्यांदाच खाली आली होती, मांडवात पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली होती.

कुडपणचे एकेचाळीस झाले. आमचे चार ओव्हरमध्ये तेहेतीस. शेवटच्या ओव्हरला नऊ पाहिजेत, आणि काशीने बॉल हातात घेतला. पहिल्या बॉलला एक रन. दुसरा धोंडूकाकांच्या पायांतून बाउंड्रीला गेला, चार. काका मान खाली घालून उभे राहिले. काशीने लांबूनच त्यांना हात केला, असू दे म्हणून. तिसरा निर्धाव. चौथ्याला आमचा माणूस झेलबाद झाला, आणि मी आत आलो. दोन बॉल, चार रन.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. काशी जोरात टाकणार असेल तर कीपरला मागे राहावं लागतं, हळू टाकणार असेल तर स्टंपजवळ यावं लागतं. म्हणून पहिल्या वर्षापासून आमच्या दोघांत एक खूण होती. रनअपला वळायच्या आधी त्याने बॉल उजव्या मांडीला पुसला की जोरात, डाव्या मांडीला पुसला की हळू. रियाजभाईंनासुद्धा ही खूण ठाऊक नव्हती. कुडपणचा कीपर म्हणजे तो टॅक्सीवाला. त्याला तर ठाऊक असायचं कारणच नव्हतं. तो प्रत्येक बॉलला घाबरून मागेच उभा राहत होता.

पाचव्या बॉलला काशीने बॉल उजव्या मांडीला पुसला. बॉल जोरात आला, मी आधीच तयार होतो, मिडविकेटला ढकलून दोन पळालो. धापा टाकत परत क्रीजवर आलो तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की मी खूण वाचली होती. मान वर केली तर काशी माझ्याकडेच बघत होता. त्यालाही कळलं होतं.

एक बॉल, दोन रन. आम्ही जिंकायचं की कुडपणने, ते याच्यावर.

काशी परत गेला. खांदा एकदा गोल फिरवला, तोंड वाकडं झालं ते मला दिसलं. मग त्याने बॉल डाव्या मांडीला पुसला. सावकाश, दोन वेळा.

डावी मांडी म्हणजे हळू. पण आता त्याला माहीत होतं की मी बघतोय. पंधरा वर्षं ज्या एका मॅचसाठी थांबला, ती या बॉलवर होती, आई समोर बसली होती, पुढचा बॉल त्याच्या आयुष्यात नव्हता. असा माणूस मला खरं सांगेल? त्याच्या जागी मी असतो तर नसतं सांगितलं. म्हणून मी जोरात येणाऱ्या बॉलसाठी मागचा पाय रोवला आणि बॅट लवकर उचलली.

बॉल हळू आला. इतका हळू, की माझी बॅट फिरून खांद्यावर गेली तरी तो अजून वाटेतच होता. मग तो ऑफ स्टंपला लागला. त्या टॅक्सीवाल्याने आधी उडी मारली, मग सगळ्यांनी. धोंडूकाका मैदानात बसूनच रडायला लागले. रियाजभाई दोरी ओलांडून आत धावले. मांडवात म्हातारी उभी राहून शेजारणीला विचारत होती, "झालं काय गो? आमचं झालं काय?"

मी हरलो होतो आणि मला आनंद झाला होता, हे मान्य करतो. पण मला राहवेना. गर्दीतून वाट काढत काशीजवळ गेलो. तो उजवा हात डाव्या हाताने धरून उभा होता, डोळे भरलेले.

"काशी, खरं सांग. ती खूण सवयीनं झाली की मुद्दाम केलीस?"



"प्रमोद," तो म्हणाला, "पंधरा वर्षांत मी तुला कदी खोटी खूण केली काय रे?"